खाटेवर ठेवलेली ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. जुनी म्हटलं की लोक आधी माझी कडी वाजवून बघतात, मग तळाचा गंज बघतात आणि शेवटी झाकणावरच्या पोपटाकडे बघून हसतात. हसू देत. त्या पोपटामुळेच तुम्हीही इथे थांबलात, नाहीतर पुढे निघून गेला असता. गप्प बसणं हा ट्रंकेचा धर्म आहे असं सगळे मानतात. मला मात्र तो कधीच जमला नाही. पोटात काही हललं की पत्रा वाजतो, त्याला माझा काय इलाज?

माझा जन्म पेणच्या बाजारात झाला. देश स्वतंत्र झाला ते वर्ष होतं. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला पत्रा बाजारात स्वस्तात आला होता. एका पत्रेवाल्याने तो विकत घेतला, कापला, ठोकला, कडा वळवल्या, कोपऱ्यांना पट्ट्या मारल्या आणि मला हिरवा रंग दिला. पोपट काढला तो त्याच्या बायकोने. चोच जरा मोठीच झाली. पत्रेवाला म्हणाला, "पुसून टाक." ती म्हणाली, "राहू दे, बोलका दिसतो." त्या एका शब्दावर मी आजवर जगत आले आहे.

मला विकत घेतलं खारवाडीच्या बुधाजीने, आपल्या मुलीच्या, जनीच्या, लग्नासाठी. लष्कराचा पत्रा मी! मला वाटलं, आता कुठे कुठे जाऊ, काय काय बघू. पण जनीचं सासर त्याच गावात, चार घरं सोडून. वरातीत एका माणसाच्या डोक्यावर बसून मी चार घरं ओलांडली आणि माझा प्रवास संपला. पुढची वर्षं पोटात दोन लुगडी, एक आरसा आणि जनीच्या लेकीची, शकूची, टोपडी घेऊन मी कोपऱ्यात चरफडत बसले.

खारवाडी म्हणजे धरमतरच्या खाडीच्या काठाचं गाव. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि समोर खाडी. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता, आणि पावसाचं पाणी खाडीत सोडायला त्यात एक झडपेचं दार, म्हणजे उघाडी. तो आहे तोवर गाव आहे. मोठ्या उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी खाचरात शिरलं, तर पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवताची काडीसुद्धा उगवत नाही. म्हणून खारवाडीत एक रीत होती. बांधाला खांड पडली अशी हाक आली, की हातातलं काम टाकून घरटी एका माणसाने बांधावर जायचं. मग लग्न असो नाहीतर मयत.

या रीतीला आणखी एक शेपूट होतं, आणि माझ्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या शेपटात आहे. मिठागरावर काम करणारा माणूस बांधाकडे पळताना मीठ ओढायचं आपलं लाकडी फावडं वाफ्याच्या काठावर आडवं ठेवून जाई. ते फावडं आडवं आहे तोवर त्या वाफ्याला दुसरा कोणी हक्क सांगत नसे, मग मालक कितीही दिवसांनी परत येवो. उलट शेजारी त्याच्या वाफ्यातलं मीठ ओढून त्याच्याच राशीवर टाकत. कोणाला सांगावं लागत नसे, कोणाला विचारावं लागत नसे. फावडं दिसलं की झालं. लहानपणापासून हे बघत वाढलेल्या माणसाला साऱ्या जगात असंच चालत असणार असं वाटलं, तर त्यात त्याचा किती दोष धरायचा?

तसं वाटलं बाळाजीला. बाळाजी म्हणजे जनीचा धाकटा भाऊ. पेणच्या शाळेत चालत जाऊन शिकला आणि मॅट्रिक झाला. खारवाडीतून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. मुंबईतल्या एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या नावाने एक ट्रस्ट होता. खारपट्ट्यातल्या प्रत्येक गावाला एक शिष्यवृत्ती, असा त्यांचा नियम. कॉलेजची फी, वसतिगृहाचा खर्च, सगळं ट्रस्ट भरणार. खारवाडीची ती शिष्यवृत्ती बाळाजीला मिळाली. गावाने त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

जनीने त्या दिवशी मला पुढे ओढलं आणि रिकामं करायला घेतलं.

"ताये, तुजी लुगडी कुठं ठेवशील?" बाळाजीने विचारलं.

"वलनीवर. लुगड्यांना काय परीक्षा हाय?" जनी म्हणाली. "ही ने. पत्रा दनकट हाय. मंग तिच्यावर बसून लिव, जेव, काय पन कर."

मी आनंदाने इतकी खडखडले, की छोटी शकू घाबरून आईला बिलगली.

मुंबईला आम्ही लाँचने गेलो. आमच्या गावचा विठोबा त्या लाँचवर खलाशी होता. त्याने मला स्वतः उचलून सावलीत ठेवलं आणि उतारूंना सांगत सुटला, "आमच्या गावच्या कालेजवाल्याची ट्रंक हाय. पाय लावू नका." भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझा पोपटसुद्धा ताठ झाला असेल.

वसतिगृहात तो ताठा उतरला. मुलांनी मला बघितलं आणि एकच हशा पिकला. "अरे, हा हुंडा घेऊन आला!" "पोपटराव, मिठू मिठू बोला!" बाळाजीचे कान लाल झाले. त्याच्या खोलीत दुसरा मुलगा होता रामचंद्र, किहीमचा. घरी नारळाची वाडी होती, त्यामुळे हात सैल आणि तोंडही सैल. पहिले काही दिवस पोपटावरून चेष्टा करण्यात तोच पुढे होता. पण एकदा बाळाजी तापाने फणफणला, तेव्हा रामचंद्राने माझ्यावर बसून त्याच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. त्यानंतर खोलीत शिरून पोपटावर बोलायची कोणाची छाती झाली नाही. चेष्टेचा मक्ता एकट्या रामचंद्राकडे राहिला.

बाळाजी मन लावून अभ्यास करी. माझं झाकण हेच त्याचं टेबल. लिहिताना त्याच्या कोपराचा दाब मला कळायचा. गणित सुटलं की तो बोटांनी माझ्यावर ताल धरी. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस कोणते असं विचाराल, तर ते हे.

दुसऱ्या वर्षाची पहिली टर्म सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. पाऊस कोसळत होता. दुपारच्या वेळी विठोबा भिजलेल्या अंगाने खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाळा, बांध गेला," तो म्हणाला. "उघाडीपासच खांड पडली हाय. सारी खाचरा पान्याखाली. बापूस तुजा तापात उठून गेलाय बांधावर."

बाळाजी उठला. दोन कपडे काखेत मारले. मग त्याने मला खाटेखालून बाहेर काढलं, उचलून खाटेच्या बरोबर मधोमध ठेवलं, पुस्तकं आत टाकून कुलूप घातलं आणि आपली लांब लाकडी पट्टी माझ्या झाकणावर आडवी ठेवली.

"हे काय?" रामचंद्राने विचारलं.

"माझी जागा," बाळाजी म्हणाला. "बांध बांधून झाला की येतो."

"अरे, ऑफिसात सांगितलंस का? प्राचार्यांना अर्ज?"

"ट्रंक आहे ना," बाळाजी म्हणाला आणि पळालाच.

मी खाटेवर बसले. प्रथम मला फार अभिमान वाटला. एका माणसाची जागा मी एकटीने राखून धरली आहे, ही काय साधी गोष्ट? दोन-चार दिवस गेले. मग मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. सकाळी वर्गात हजेरी होई, संध्याकाळी वसतिगृहात हजेरी होई. बाळाजीचं नाव पुकारलं जाई, आणि माझ्याकडे बघायला कोणीच येत नसे. बघतील कसे? त्यांना फावड्याची रीत कुठे माहीत होती?

एके दिवशी रेक्टर खोलीत आले. साधा, कनवाळू माणूस. त्यांनी मला बघितलं, पट्टी बघितली आणि रामचंद्राकडे वळले.

"हा मुलगा कुठे आहे?"

रामचंद्राने सगळं सांगितलं. रेक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"त्याला ताबडतोब कळव," ते म्हणाले. "प्राचार्यांच्या नावाने अर्ज कर म्हणावं. कारण लिही, सही कर, बस्स. महिनाअखेरच्या आत अर्ज आला तर निम्मी फी परत मिळते आणि शिष्यवृत्ती पुढच्या जूनपर्यंत तहकूब ठेवता येते. जागा राहते. पण अर्ज नाही आला, तर तो कॉलेज सोडून गेला असं धरतात. मग भरलेली फी बुडाली. आणि टर्म मोडली म्हणून ट्रस्ट दिलेले पैसे परत मागणार. नियमच आहे तसा."

मित्रांनो, ते ऐकलं आणि माझा पत्रा आतून थंड पडला. तोवर मला वाटत होतं की मी जागा राखते आहे. खरं म्हणजे मी नुसती खाट अडवून बसले होते. एक कागद हवा होता, एक! माझ्या पोटात कोऱ्या कागदांची आख्खी चळत होती, दौत होती, टाक होता. नव्हता तो लिहिणारा हात. त्या दिवसापासून मला क्षणभरही चैन पडलं नाही. पावसाच्या सरीने खिडकी वाजली की वाटे, आला. जिन्यावर पाय वाजले की वाटे, आला.

रामचंद्राने त्याच संध्याकाळी सारं एका कार्डावर लिहिलं आणि धक्क्यावर जाऊन ते विठोबाच्या हातात दिलं. पोस्टावर त्याचा भरवसा नव्हता, आणि गावाचा रस्ताही पाण्याखाली होता. विठोबा पुढच्या खेपेला उत्तर घेऊन आला. तोंडीच.

"दिला मी कारड. वाचला त्यानं, चिखलात उभा राहून," विठोबा म्हणाला. "बोलला, ट्रंक हाय ना खाटंवर? मंग अर्ज कशाला? बांधावर गेलेल्याची जागा कोन घेतो?"

रामचंद्राने डोक्याला हात लावला. "अरे विठोबा, इथे तसं नसतं!"

"नसतं?" विठोबाने माझ्याकडे बघितलं. त्यालाही ते खरं वाटेना. "जल्ला, ठेवलेल्या वस्तूचा बी मान ठेवत न्हाईत?"

"नाही ठेवत. जा, त्याला सांग, की मी रडून सांगतोय म्हणावं."

विठोबा सांगायला गेला. पण मधल्या काळात पुन्हा उधाण आलं. अर्धवट भरलेली खांड वाहून गेली आणि पहिल्यापासून सगळं सुरू झालं. ओहोटी लागली की माती टाकायची, भरती आली की ती राहते का बघत बसायचं. त्या धांदलीत अर्जाचं कोण ऐकणार? रामचंद्र एकदा माझ्यावर कागद ठेवून बसला होता. बाळाजीच्या नावाने आपणच लिहावं, आपणच सही ठोकावी, असं त्याच्या मनात आलं असावं. टाक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी कागद फाडून टाकला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. कर रे, कर, असं मी मनात ओरडत होते. ते बरोबर नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा बरोबर आणि चूक यांचा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

महिना संपला. वाट पाहायलाही काही उरलं नाही. मग एक शिपाई आला, माझ्यावरची पट्टी उचलून कोपऱ्यात भिरकावली आणि मला फरफटत जिन्याखालच्या अडगळीत नेलं. तिथे क्रिकेटच्या जुन्या चटया होत्या आणि एक पाय मोडलेलं बाक. वरून नव्या मुलाच्या खोकल्याचा आवाज येई. बाळाजीच्या खाटेवर तो झोपत होता. त्याचाही काही दोष नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास बाळाजी आला. बांध उभा राहिला होता. हात सुजलेले, नखांत काळा चिखल, पण चेहरा हसरा. आपल्या खोलीत गेला आणि तसाच खाली आला. अडगळीचं दार उघडून त्याने मला बघितलं. मग तो थेट ऑफिसात गेला. जाताना मला उचलून घेऊन गेला, जणू मी त्याची साक्षीदार होते.

हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने बाळाजीला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाबा रे," तो म्हणाला, "कॉलेजात ट्रंकेची हजेरी लागत नाही."

"पण मी सोडून गेलो नव्हतो," बाळाजी म्हणाला. "मी बांधावर होतो."

"तुला माहीत आहे. आता मलाही माहीत आहे. ऑफिसला माहीत नाही. तू जाताना एक ओळ लिहून गेला असतास, तर निम्मी फी तुझ्या नावावर पडली असती आणि जूनमध्ये तू पुन्हा बसला असतास. मुदत गेल्यावर परत मिळते ती फक्त अनामत. तेवढी घे. बाकी ट्रस्टला तुझं तू कळव. त्यांचं पत्र आलंय, पैसे परत मागितलेत."

"आणि माझी जागा?"

हेडक्लार्कने चष्मा काढून पुसला आणि अनामतीची पावती पुढे सरकवली.

बाळाजी परत निघाला तेव्हा लाँचवर तो माझ्यावर बसला होता. सबंध वाटेत त्याने एकदाही ताल धरला नाही. मला लाज वाटत होती. ज्या कामासाठी मला ठेवलं होतं, ते माझ्याने झालं नव्हतं.

गावात बुधाजीने सगळं ऐकून घेतलं. तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने फक्त डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सारा गाव नव्या बांधावर पूजेला जमला, तेव्हा नारळ फुटायच्या आधी तो उभा राहिला.

"माज्या पोराचा कालेज गेला," तो म्हणाला. "ट्रस्टाचं पैसं बी फेडायचं हायेत. न्हाय फेडलं, तर या गावाला परत कवा शिष्यवृत्ती न्हाय देनार ते. मी कोनाला दोष न्हाय देत. पन पोर कुठं हिंडाया गेला नव्हता. हितंच व्हता, तुमच्याबरोबर, चिखलात."

खाडीचं पाणी बांधाला लागून चुबूक चुबूक करत होतं. तेव्हा नीराबाई नावाची एक म्हातारी पुढे झाली. तिचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

"ज्याचा फावडा आडवा, त्याचा वाफा आपुन भरतो," ती म्हणाली. "त्यानं मुंबैला फावडा आडवा ठेवला व्हता. तिथल्या लोकांना न्हाय कळला. आपल्याला तं कळतो ना? मंग भरा की!"

त्या हंगामात खारवाडीच्या मिठागरावर एक रास जास्तीची पडली. तिला मालक नव्हता, सगळे तिला बाळाजीची रास म्हणत. प्रत्येक घराने आपल्या मिठातली एकेक पाटी रोज तिच्यावर ओतली. आमच्या जनीने तर आपल्या वाट्याच्या दोन ओतल्या आणि विचारलं तर मोजायला चुकले म्हणाली. उन्हाळा संपता संपता ती रास विकली गेली आणि ट्रस्टचे पैसे पै न पै फिटले. सोबत बाळाजीने सगळी हकिकत लिहून पाठवली. माझ्या झाकणावर कागद ठेवूनच लिहिली.

ट्रस्टचं उत्तर आलं. खारवाडीची शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होईल, गावाचा प्रामाणिकपणा पाहून विश्वस्तांना समाधान वाटलं. मात्र एकदा टर्म मोडलेल्या विद्यार्थ्याला ती पुन्हा देता येणार नाही.

बाळाजीने ते पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्यसुद्धा त्याच आवाजात वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावाची जागा राहिली होती ना! मग तो घरामागे गेला. मी पडवीत होते, मला दिसत होतं. भिंतीला टेकून तो खूप वेळ रडला. त्याला शिकायचं होतं हो. फार मनापासून शिकायचं होतं.

पुढे बाळाजीला मीठ खात्यात कारकुनाची नोकरी लागली. माझी रवानगी जनीच्या माळ्यावर झाली. आणि मित्रांनो, सांगायला जीभ रेटत नाही, पण तिथे माझ्या पोटात सुके बोंबील भरून ठेवले गेले. ज्या पोटात भूमितीचं पुस्तक होतं, त्यात बोंबील! वर्षामागून वर्षं गेली. रंग उडाला, तळ गंजला, पोपटाचा एक डोळा गेला. मांजर रोज येऊन मला नखं घासायची. कोणी वर बघत नव्हतं. रात्रंदिवस मनात एकच गोष्ट घोळायची. त्या खाटेवरून मी एकदा, फक्त एकदा, बोलू शकले असते तर!

मग एके दिवशी माळ्याला शिडी लागली. वर आली ती शकू, जनीची लेक. ती छोटी शकू आता मॅट्रिक झाली होती आणि खारवाडीची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती. जनी एव्हाना विधवा झाली होती. घरात मायलेकी दोघीच. जनीने मला राखेने घासलं, चिंचेने घासलं, चार दिवस उन्हात ठेवलं. बोंबलाचा वास पुरता गेला नाही तो नाहीच. बाळाजी रंगाचा डबा घेऊन आला. त्याने मला नवा हिरवा रंग दिला, पोपटाला डोळा दिला. मग झाकण उघडून आतल्या बाजूला लाल रंगात ठळक अक्षरं काढली.

"मामा, काय लिवलंस?" शकूने वाचलं. "जायची वेळ आली तर ट्रंक ठेवू नको, अर्ज ठेव."

"पाठ कर," बाळाजी म्हणाला.

"झाला पाठ."

"परत बोल."

तिला हसू येत होतं, पण मामाचं तोंड बघून तिने ते पुन्हा म्हटलं.

शकूच्या वसतिगृहात मुली पोपटावर हसल्या आणि वासावर नाकं मुरडली. शकू बाळाजीसारखी लाल झाली नाही. "बोंबील हायेत आमच्याकडचे, दिवाळीत आणते, मग बघा," ती म्हणाली. मी निश्चिंत होते असं म्हणायला आवडलं असतं. पण पाऊस सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. जिन्यावर पाय वाजले की पत्रा थरथरायचा.

आणि दुसऱ्याच पावसाळ्यात विठोबा आला. केस पांढरे झालेले, पण तसाच भिजलेला. वसतिगृहाच्या बाईंच्या परवानगीने त्याला व्हरांड्यात बोलावलं. दार उघडं होतं.

"शके, बांध गेला," तो म्हणाला. "तुजी आय गेली व्हती घरच्या वाट्याची. घसरून पडली. पायाचा हाडूक मोडलाय. घरात कोन न्हाय."

शकू आत आली. थेट माझ्याकडे. दोरीवरचे कपडे ओढले, वह्या गोळा केल्या. मी श्वास रोखला. तिने मला खाटेखालून ओढलं, दोन्ही हातांनी उचललं आणि खाटेवर ठेवलं. खाटेच्या बरोबर मधोमध.

मित्रांनो, त्या क्षणी माझं काय झालं ते मी सांगू शकत नाही. नको गं, नको! पोटातली दौत आपोआप आपटली असं मला वाटलं. कोण जाणे, तिच्या धक्क्यानेही आपटली असेल.

शकूने झाकण उघडलं. लाल अक्षरांकडे बघितलं. कागद काढला, झाकण मिटलं आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून लिहायला लागली. "माननीय प्राचार्य यांस..." टाकाचा एकेक ओरखडा मला अंगभर लागत होता. आई आजारी, गावाचा बांध फुटलेला, या वर्षापुरती रजा मिळावी, शिष्यवृत्ती तहकूब ठेवावी, भरलेल्या फीचा परतावा नियमाप्रमाणे पुढे जमा धरावा. सही. तारीख. दोन प्रती. ती धावत ऑफिसात गेली आणि एका प्रतीवर शिक्का मारून घेऊन आली. ती प्रत तिने माझ्या पोटात ठेवली, विठोबाला हाक मारली आणि म्हणाली, "काका, ट्रंक घ्या."

विठोबा गडबडला. "ठेवायची न्हाय? जागेला?"

"जागेला अर्ज ठेवलाय. ट्रंक घरी चाललीय."

या वेळी मी रिकाम्या खाटेवर राहिले नाही. मी लाँचवर होते, खाऱ्या वाऱ्यात, आणि शकू माझ्यावर बसली होती. घरी जनीचा पाय फळीला बांधलेला होता. शकू आईच्या वाट्याची बांधावर उभी राहिली, गावातल्या गड्यांच्या बरोबरीने तिने माती वाहिली. बाळाजीही रजा काढून आपल्या घरच्या वाट्याचा म्हणून आला. लेखी रजा काढून, हे त्याने दोनदा सांगितलं.

शकूचं वर्ष गेलं. पण जागा गेली नाही. पुढच्या जूनमध्ये बाळाजी स्वतः आम्हाला पोचवायला आला. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना आत सोडत नसत, म्हणून तो फाटकाबाहेर थांबला. शकू मला घेऊन वर गेली. ऑफिसने तिचं नाव यादीत तसंच ठेवलं होतं, शिष्यवृत्ती चालू झाली होती, परत मिळालेली निम्मी फी नव्या वर्षात धरली होती. खोली दुसरी मिळाली, पण खाट तिच्या नावाची होती. मोकळी, गादी गुंडाळून ठेवलेली, तिची वाट बघणारी.

मित्रांनो, जाता जाता एवढंच ऐका. आयुष्यात चालतं काम सोडून जायची पाळी कोणावरही येते. आई आजारी पडते, बांध फुटतो. जावं लागतं, आणि जायलाच हवं. पण जाण्याआधी सांगून जा, लिहून जा, मुदत विचारून जा. मुक्या वस्तूवर आपली जागा सोपवू नका. आम्हाला फार वाटतं हो तुमच्यासाठी बोलावं, पण आम्हाला येत नाही. आणि मला वर्षातून एकदा तरी रंग द्या, एवढं माझं स्वतःचं मागणं.

शकूने खिडकी उघडली आणि खाली वाकून हाक मारली, "मामा! जागा हाय!"

बाळाजी फाटकाचा गज धरून उभा होता. त्याने वर बघितलं. मग डोळे पुसले आणि ओरडून विचारलं, "ट्रंक कुठं ठेवलीस?"

"खाटेखाली!"

"तिथंच बरी हाय ती," बाळाजी म्हणाला.

मी मुळीच रागावले नाही.